वणवा विझवणाऱ्यांना आधी शिकवा, मग जंगलात पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी जवळ आली की आपल्या जिल्हा पानांवर ‘सातपुड्यात वणवा’ ही बातमी यायला लागते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, धडगाव, अक्कलकुवा. तालुका बदलतो, मजकूर तोच. इतकं गवत खाक, इतकी झाडं होरपळली, वनकर्मचारी व ग्रामस्थांच्या प्रयत्नांनी आग आटोक्यात. हे ‘वनकर्मचारी व ग्रामस्थ’ म्हणजे नेमकं कोण, त्यांच्या हातात काय होतं, पायात काय होतं आणि हे काम त्यांना कोणी कधी शिकवलं होतं का, हे मात्र छापून येत नाही.

मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराचसा काळ सातपुड्याच्या पायथ्यालाच गेला. त्या अनुभवावरून एकच मागणी करायला हे पत्र लिहितो आहे. वणव्यावर जाणारा माणूस कायम वनरक्षक असो, हंगामी वनमजूर असो की पाड्यावरचा पोरगा असो, आगीचं रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय त्याला आगीवर पाठवू नये. आणि हे प्रशिक्षण आपल्या खान्देशातच, रावेर तालुक्यातल्या पालला, दर हिवाळ्यात व्हावं.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं. चोपड्याहून शिरपूरच्या रस्त्याला लागा, नाहीतर शहाद्याच्या बाहेर निघा, उजाडायच्या आत मुलं-मुली घोळक्याने धावताना दिसतील. कोणाला पोलीस व्हायचंय, कोणाला सैन्यात जायचंय आणि बऱ्याच जणांना वनरक्षक. ‘काका, वनखात्याची तयारी कशी करू?’ म्हणून त्यातली काही माझ्याकडे येतात. उंची किती लागते, मुलांना पाच किलोमीटर आणि मुलींना तीन किलोमीटर किती मिनिटांत काढायचे, शेवटी मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ असतं. मी त्यांना उलटा एक प्रश्न विचारतो. डोंगराला आग लागली तर ती चढाला जोरात जाते की उताराला? भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीत दोन-दोन वर्षं काढलेली मुलं गप्प बसतात. एकदा आमच्याच चोपडा तालुक्यातल्या वैजापूरकडच्या एका पावरा आदिवासी मुलीने मात्र पटकन सांगितलं, ‘आग वर जाते, पण पेटलेला ओंडका खाली येतो, म्हणून खालीही उभं राहायचं नाही.’ तिने हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बापाबरोबर जाऊन पाहिलेलं होतं. अशी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांच्या या माहितीला कोणी विचारत नाही, तिचे गुण नाहीत, तिचा दाखला नाही.

आता आग चढाला जोरात का जाते, ते सांगतो, कारण सगळं शिक्षण तिथून सुरू होतं. चुलीत पेटलेल्या लाकडावर ओली काटकी ठेवली की ती आधी वाळते, मग धुमसते, मग पेटते. डोंगरउतारावर तेच होतं. ज्वाळा उताराला टेकून वर झुकतात आणि वरचं गवत, वरचा पाला आग पोचायच्या आधीच वाळवून ठेवतात. साधारण दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यात आपली बाजू म्हणजे सातपुड्याचा दक्षिण उतार. तापीकडे तोंड करून बसलेला हा डोंगर दिवसभर ऊन खातो. साग जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकतो आणि त्या मोठाल्या पानांचा थर मार्चपर्यंत पापडासारखा होतो. खाली वाळलेलं कुसळी गवत. भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा या उतारांवर एक विडी पुरते.

घळीत तर आणखी वेगळं असतं. डोंगराच्या दोन सोंडांच्या मधली अरुंद नाळ धुराड्याचं काम करते. खालून आग लागली की नाळ वारा ओढून घेते आणि बघता बघता वरच्या टोकाला जाळ पोचतो. त्यात सापडलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

मी वनरक्षक असतानाची एक दुपार सांगतो. मार्चअखेर होती. एका खोऱ्यात समोरच्या सोंडेवर आग दिसत होती, ज्वाळा गुडघाभर, फार मोठी काही नव्हती. आमच्यातली तरणी पोरं नाळेतून सरळ वर चढून आगीच्या तोंडाशी जायला निघाली, कारण वाट तिथूनच जवळची होती. आमच्याबरोबर एक वयस्क रोजंदारी वनमजूर होता. तो खाली वाकून मुठीत माती घेऊन सोडत होता आणि ती कुठे उडते ते बघत होता. ‘साहेब, वारा फिरना,’ म्हणजे वारा फिरला, एवढंच तो म्हणाला आणि त्याने पोरांना हाताला धरून मागे ओढलं. सकाळी जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात त्याने आम्हाला नेऊन बसवलं. तिथे पायाखाली अजून ऊब होती, पण जळायला काही उरलेलं नव्हतं. आमचं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच ती नाळ खालपासून वरपर्यंत पेटली. साग, सलई, सगळं एकदम. इतका आवाज झाला की बोललेलं ऐकू येईना. मग संध्याकाळी वारा पडल्यावर त्यानेच आम्हाला आगीच्या शेपटीकडून, म्हणजे मागच्या बाजूने, कामाला लावलं. एका कुशीने झोडपत वर, दुसऱ्या कुशीने झोडपत वर आणि शेवटी तोंड. रात्री उशिरा आग आटोपली.

त्या माणसाकडे कसला कागद नव्हता. तो कधी कायम झाला नाही. त्याला जे येत होतं ते कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखं होतं आणि ते शिकवायला त्याला कधी कोणी बोलावलं नाही. त्याच्यासारखे अजून काही जण हयात आहेत. म्हणून म्हणतो, उशीर करू नका.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. राज्यभर बातमी झाली. पुढे काय झालं? आग विझवायला जाणारी माणसं अजूनही बहुतांशी तशीच हंगामी, रोजंदारीवरची आहेत. फेब्रुवारीत घेतात, पावसाच्या तोंडाला सोडतात. केरळात त्रिशूर जिल्ह्यात फेब्रुवारी २०२० मध्ये तीन वनकर्मचारी असेच गेले. उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी चार जण गेले. हे सगळे धडधाकट, डोंगरात वाढलेले लोक होते. एरवी जंगल पाठ असलेला माणूसही आगीत वाऱ्याची दिशा बदलली की फसतो. म्हणून नुसतं धाडस आणि नुसती दमसास यावर हे काम सोडता येत नाही.

अमेरिकेत जंगलाची आग विझवणं हा स्वतंत्र पेशा आहे. तिथल्या गोष्टी इथे जशाच्या तशा आणाव्यात असं माझं म्हणणं नाही, त्यांचे पाइनचे जंगल वेगळे, त्यांची विमानं वेगळी. पण त्यांची एक शिस्त घेण्यासारखी आहे. तिथे नवख्याला आधी वर्गात आणि मैदानात मूलभूत शिक्षण घ्यावं लागतं, पाठीवर सुमारे २० किलो वजन घेऊन ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं, मग त्याच्या नावाने लाल कार्ड निघतं. त्या कार्डाशिवाय आगीच्या रेषेवर उभं करत नाहीत आणि दरवर्षी उजळणी केल्याशिवाय ते चालू राहत नाही. पॉल ग्लीसन नावाच्या तिथल्या एका अनुभवी अग्निशामकाने १९९१ मध्ये चार गोष्टी एकत्र मांडल्या. आगीवर काम सुरू करायच्या आधी एक जण उंचावर टेहळणीला हवा, सगळ्यांचा एकमेकांशी संपर्क हवा, पळायची वाट आधी ठरलेली हवी आणि ती वाट जिथे जाते ती जागा खरोखर सुरक्षित हवी. या चारांतली एक जरी नसेल तरी काम सुरू करायचं नाही. आमच्या त्या वनमजुराने त्या दुपारी नेमकं हेच केलं होतं. त्याने वारा पाहिला, हाक मारली, वाट धरली आणि काळ्या पट्ट्यात नेलं. फरक इतकाच की तिथे ते सगळ्यांना शिकवतात. आपल्याकडे एखाद्या शहाण्या माणसाच्या भरवशावर असतं, आणि तो त्या दिवशी रजेवर असला तर?

पालला काय शिकवावं, तेही लिहितो, म्हणजे ‘मागणी चांगली आहे पण मोघम आहे’ असं कोणी म्हणायला नको.

पहिला धडा कपड्यांचा. पॉलिस्टरची ट्रॅक पँट आणि नायलॉनचा टी-शर्ट घालून पोरं आगीवर येतात, कारण धावायला ते बरं पडतं. ठिणगी पडली की तो कपडा वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कपडा, पूर्ण बाही, चामड्याचे बूट. डिंकाने चिकटवलेल्या स्वस्त बुटांचे तळ तापलेल्या मातीवर सुटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाकातोंडावर सुती रुमाल बांधला तर राख आणि ठिणगीपासून थोडा आधार मिळतो, पण धुरातल्या विषारी वायूला रुमाल अडवत नाही. डोकं जड झालं, बोलणं अडखळायला लागलं की त्या माणसाला ताबडतोब बाहेर काढायचं, ‘थोडं राहिलंय, करून टाकू’ म्हणायचं नाही. सोबतच्याने सोबतच्यावर लक्ष ठेवायचं. उन्हाचा फटका आणि धुराचा फटका एकत्र बसतो तेव्हा माणसाला स्वतःला काही कळत नाही.

मग अवजारं. पूर्वी आमच्याकडे करंजाची नाहीतर जांभळाची हिरवी फांदी, कोयता, कुऱ्हाड आणि दाताळं एवढंच असायचं. फांदी वर उचलून दाणदाण मारायची नसते, त्याने ठिणग्या उडतात. ती जमिनीलगत दाबून, जळालेल्या बाजूला ओढत मारायची असते. आता पाठीवरचे ब्लोअर आले आहेत आणि ते फार उपयोगी आहेत. पाचोळा बाजूला लोटून बघता बघता स्वच्छ पट्टा काढता येतो. पण ब्लोअर चुकीच्या कोनात धरला तर तोच आगीला भाता लावतो. शिवाय तो पेट्रोलवर चालतो. तापलेल्या यंत्रात, जाळाजवळ, घाईघाईत पेट्रोल भरणं किती धोक्याचं आहे, हे सांगायला कोणी लागत नाही असं वाटतं, पण सांगावंच लागतं. ब्लोअरवाला पुढे, दाताळंवाला मागे, त्याच्या मागे उरलेली ठिणगी मारणारा आणि टेहळ्या वर, अशी टोळी बांधून सराव करून घेतला पाहिजे. चार ब्लोअर देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही.

उलटी आग लावणं, ज्याला आम्ही काउंटर फायर म्हणतो, ते नवशिक्याच्या हातात कधीच देऊ नये. समोरून येणारी आग अडवायला मध्ये मुद्दाम पट्टा जाळायचा, हे ऐकायला सोपं आहे. वारा चुकला तर एकाच्या दोन आगी होतात आणि माणसं मध्ये सापडतात.

आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आग विझल्यानंतरचा. ज्वाळा बसल्या की सगळे थकून घरी जातात. दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला वारा सुटला की पोकळ सलईच्या बुंध्यात, सागाच्या जुन्या खुंटात धुमसत राहिलेला निखारा पुन्हा उठतो. म्हणून जळालेल्या पट्ट्याच्या कडेने पहाटे परत फिरायचं. खुंटाजवळ हाताची मागची बाजू न्यायची, टेकवायची नाही, नुसती ऊब बघायची. ऊब लागली की खणायचं, माती लोटायची, उलटंपालटं करायचं आणि पुन्हा हात न्यायचा. उतारावरचा पेटता ओंडका आडवा फिरवून दगड लावून ठेवायचा, म्हणजे तो घरंगळत खाली न जळालेल्या भागात जाणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे. त्याचा फोटो कोणी काढत नाही. पण निम्मे वणवे दुसऱ्यांदा पेटतात ते इथेच ढिलाई झाल्याने, असं माझं निरीक्षण आहे.

वणवा हंगाम आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. खरं काम त्याच्या आधीच संपायला हवं असतं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, नोव्हेंबर-डिसेंबरात सोलून, वाळवून, हंगामाच्या आत जाळून घ्यायच्या असतात. सकाळचं दव असताना, वारा नसताना, दोन्ही कडेला माणसं उभी करून. हे नीट झालं तर मार्चमध्ये आग जंगलाच्या एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जात नाही. तेव्हा ‘वणव्याचं प्रशिक्षण’ म्हणजे ज्वाळांशी झुंज, असा जो समज आहे तो काढून टाकावा लागेल. वर्षातले कितीतरी महिने हे जंगल सांभाळण्याचं काम आहे.

उपग्रहाचंही शिकवायला हवं. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीची ठिकाणं शोधून कळवतं. त्या सूचना मोबाइलवर येतात आणि वनखात्याबाहेरच्या माणसालाही नोंदणी करून त्या घेता येतात. नव्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन असतो. आपल्या डोंगरात तेवढ्या चौकोनात दोन नाळा आणि एक कडा मावतो. अक्षांश-रेखांश घेऊन प्रत्यक्ष जागेवर कुठल्या वाटेने पोचायचं, हे तिथल्याच मुलाला ठाऊक असतं. फोनवर नकाशा वाचणारी पाड्यावरची मुलं तयार केली तर त्या सूचनेचा उपयोग. नाहीतर आग विझल्यावर पंचनाम्याला जोडायला एक कागद, एवढाच.

आता कारणांविषयी, कारण त्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. ‘आदिवासी जंगल जाळतात’ असं शहरात बसून म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. मोहाचं फूल पहाटे गळतं. वाळलेल्या पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ऊसतोडीहून होळीला, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला परतलेल्या कुटुंबाला त्या दिवसांत हातात पैसा देणारं तेच एक फूल असतं. तेंदूच्या नव्या पालवीसाठी, नव्या गवतासाठीही आग लावतात. बांधावरचा काडीकचरा पेटवला की तो जंगलात शिरतो, आणि ते करणारे सगळे आदिवासी नसतात. सहलीला येऊन कोंबडी भाजणारे तर नसतातच. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, तो असायलाच हवा. पण नुसत्या गुन्हा दाखल करण्याने मार्चमधलं फूल वेचणं थांबत नाही. मोहाखाली झाडून घेतलेला गोल किंवा पसरलेली जाळी, एवढ्याने काम भागतं. फूलही स्वच्छ मिळतं, त्याला भाव बरा येतो. प्रशिक्षण घेतलेला पाड्यावरचाच पोरगा हे आपल्या आजीला सांगेल तेव्हा ती ऐकेल. माझ्यासारखा खाकीतला माणूस सांगत होता तेव्हा ती मान डोलवायची आणि आपलं काम करायची.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं, ते साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊन बघावं. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी सुमारे ११०० एकर जंगल स्वतः नियम करून राखलं. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या खान्देशाने आनंद केला. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे जंगल राखायची जबाबदारी ग्रामसभेवर आली आहे. त्यांना हक्काचा कागद दिला, आग हाताळायचं शिक्षण कोण देणार?

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनीही इकडे लक्ष द्यावं, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यावाळूचा जो पट्टा आहे, तिथे डोंगरावरचं पाणी जमिनीत उतरतं आणि त्यावर तुमच्या विहिरी, तुमच्या बोअरवेल चालतात. वर पालापाचोळा आणि गवत जळून जमीन उघडी पडली की पहिल्या पावसाचं पाणी मुरत नाही, माती घेऊन सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्यांना मिळतं. साग पुन्हा फुटवा धरतो, तो चिवट आहे. चारोळीची, मोहाची रोपटी मात्र वर्षानुवर्षं जळत राहतात आणि मोकळ्या जागी घाणेरी माजते. केळीला पाणी कमी पडलं की आपण पाऊस मोजतो. डोंगर किती जळाला, तेही मोजायला हवं.

करिअर म्हणून विचारणाऱ्या मुलांसाठी थोडं. वनरक्षक ही एक पायरी आहे, शेवट नाही. बारावीनंतर वनविद्येची चार वर्षांची पदवी दापोलीला आणि अकोल्याला मिळते. एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येतं. यूपीएससीतून भारतीय वनसेवेत जाता येतं, तिचं प्रशिक्षण डेहराडूनला होतं. राज्यात कुंडलला आणि चंद्रपूरला वनप्रबोधिनी आहेत. खान्देशातली मुलं या वरच्या जागांवर फार कमी दिसतात, आणि ज्यांचं बालपण जंगलात गेलं ती पावरा, भिल्ल, तडवी मुलं तर त्याहून कमी. अकादमी चालवणाऱ्या मित्रांनो, पोरांना धावायला लावता तसं आठवड्यातून एक दिवस जंगलात न्या. झाड ओळखायला, नकाशा वाचायला, वारा बघायला शिकवा. परीक्षेत त्याचे गुण मिळणार नाहीत, नोकरीत जीव वाचेल.

पालला वनरक्षकांचं प्रशिक्षण केंद्र आहेच. इमारत आहे, भोवती जंगल आहे, उतार आहे, नाळा आहेत. नव्याने काही बांधायची गरज नाही. तिथे दर जानेवारीत हंगामी वनमजूर, संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, वनहक्क मिळालेल्या गावांचे तरुण आणि तरुणी यांच्यासाठी आठवड्याभराचा वर्ग घ्यावा. मराठीत घ्यावा, आणि पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणारा माणूस बरोबर असावा. वर्ग पूर्ण करणाऱ्याला ओळखपत्र द्यावं आणि हंगामाला माणसं घेताना त्यालाच आधी घ्यावं. त्याचा विमा हंगाम सुरू व्हायच्या आत उतरवलेला असावा, अपघातानंतर मदत जाहीर करण्याची पाळी येऊ नये. सुती गणवेश, बूट, पाण्याची बाटली, डोक्याला बांधायचा दिवा, जखमेवरचं औषध, एवढा संच प्रत्येकाला द्यावा. वनरक्षक भरतीत या ओळखपत्राला काही वाढीव गुण देता येतात का, याचा शासनाने विचार करावा. तसं झालं तर पहाटे धावणारी मुलं आपणहून पालला येतील.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा नियोजन समिती आहे, आदिवासी विकासाचा निधी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आणि आमदारांनी एका बैठकीत ठरवलं तरी होण्यासारखं हे काम आहे. जानेवारीत वर्ग हवा असेल तर तरतूद आत्ताच्या आराखड्यात घालावी लागेल. फेब्रुवारीत आग लागल्यावर फाईल फिरवून उपयोग नाही.

वर्ग सुरू झाला तर शिकवायला मी यायला तयार आहे, मला मानधन नको. माझ्याबरोबर दोन जुने वनमजूर येतील. त्यांना मात्र व्याख्यात्याचं पूर्ण मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं द्यावं.

आपला,
एक निवृत्त वनपाल
ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)